शेवटचा फर्मा

रहस्यकथांबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि कुणी विचारली नाहीत तरी मी ती सांगते. खुनी पहिल्या वीस पानांत दिसलाच पाहिजे. शेवटी मागच्या दारानं आणून उभा केलेला खुनी मला चालत नाही. घरात प्रेत सापडलं तरी माणसांना दुपारी भूक लागते, हे लेखकाला माहीत असावं. आणि गुप्तहेर जितका हुशार, तितकं त्यानं कमी बोलावं. चिकलठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हल्ली सून फोनवर मालिका बघते, एकेका मालिकेत आठ-आठ प्रेतं, आणि मी मेथी निवडता निवडता तिसऱ्याच भागात खुनी सांगून टाकते. "आई, तुम्ही जरा आत बसता का?" म्हणते ती. बघून झालं की बोटानं तारे देते, पाचपैकी चार. एक कशाला कापला, असं विचारलं तर म्हणाली, असाच. मला हे पटत नाही. कापायचा तर कारण द्यावं. पण कारणं देण्याची माझी हीच खोड एका उन्हाळ्यात आमच्या घरात काय करून गेली, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. माझ्या एका खऱ्या मतामुळं माझ्या वडिलांच्या हातून त्यांचं सगळ्यात आवडीचं काम गेलं. ते इथं लिहून ठेवते.

दहावीची परीक्षा झाली होती आणि निकाल यायला पुरता महिना होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही खडकेश्वरच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. आई, अण्णा आणि मी, एवढंच घर. वर गच्ची होती आणि मे महिन्यात ती आईच्या ताब्यात असे. पहाटे उठून ती गव्हाचा चीक शिजवायची, सोऱ्यातून जुन्या धोतरावर कुरडया घालायची, दुसऱ्या दिवशी खारवड्या, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या पापड्या. कावळे हाकलायचं काम माझं. जिन्याच्या सावलीत पाय दुमडून बसायचं, शेजारी काठी, ताकाचा तांब्या आणि हातात पुस्तक. चिकाचा तो गोडसर वास आणि शेजारच्या घरातल्या रेडिओची खरखर, यांच्यात मी त्या महिन्यात एकोणीस रहस्यकथा वाचल्या. खून ऐन रंगात आला की कावळा कुरडई घेऊन जायचा. "डोळे कुठं असतात गं तुझे?" आई खालून ओरडायची. तिला खाली बसून कसं कळायचं, हे रहस्य मला अजून उलगडलेलं नाही.

अण्णा गुलमंडीच्या आतल्या बोळातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. वैजापूरकडच्या गावातून सातवी करून शहरात आले आणि मामाच्या ओळखीनं तिथं लागले ते लागलेच. दिवसभर उभं राहून शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलायचा आणि ओळ जुळवायची, तीसुद्धा उलटी. त्यामुळं उलटं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती की माझ्यासमोर बसून माझ्या हातातल्या पुस्तकाचं पान ते माझ्याआधी संपवायचे. घरी आले की मोरीत हात धुण्याचा सोहळा चाले. आधी रॉकेलचा बोळा, मग चुलीतली राख, मग साबण. तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. "कितीबी घासा," आई म्हणायची, "ती रेघ तुमच्या संगंच जाणार." अण्णा हसायचे आणि हात पुसायचे. छापखान्यातला कागदाचा कपटाही ते घरी आणत नसत आणि तिथल्या कामाबद्दल फारसं बोलतही नसत. मला वाटायचं, बोलण्यासारखं काही नसणारच. गोष्ट त्यांच्या हातांतून जाते, डोक्यातून जात नाही, अशी माझी समजूत होती.

त्या छापखान्यात 'वज्रनाभ' या नावानं लिहिणाऱ्या लेखकाच्या रहस्यकथा छापल्या जायच्या, महिन्याला एक. वज्रनाभ म्हणजे एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क देवळाणकर. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. वज्रनाभचं पुस्तक सात फर्म्यांचं असे, एकशे बारा पानांचं, ना एक कमी ना एक जास्त, कारण मुखपृष्ठ आणि कागद त्या बेतानं आधीच येऊन पडलेले असत. देवळाणकर कचेरी सांभाळून लिहायचे. मजकूर तुकड्या-तुकड्यांनी यायचा आणि शेवट बहुतेक वेळा तोकडा पडायचा. एकदा त्यांनी सायकलवरूनच अण्णांना सांगितलं होतं, "मास्तर, दोन पानं कमी पडतायत म्हणे. तुम्हीच घाला चार ओळी, पात्रांना जरा बोलतं करा." अण्णांनी चार ओळी घातल्या. पुढच्या खेपेला चार पानं. मग हळूहळू शेवटचा अख्खा फर्माच अण्णा लिहू लागले, लिहू लागले म्हणजे कागदाला पेन न लावता थेट खिळ्यांत जुळवू लागले. देवळाणकर शेवटच्या फर्म्याचं प्रूफ बघत नसत आणि छापून आलेलं पुस्तकही उघडत नसत, कारण तोवर पुढचं डोक्यावर असे. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण माझ्याच नियमाप्रमाणं ते आधी सांगून टाकते.

पुस्तकं मी औरंगपुऱ्यातल्या वाचनालयातून आणायचे. ते चालवणारे तात्या नावाचे एक कडक गृहस्थ होते आणि त्यांनी एक रीत पाडली होती. पुस्तक परत केलं की टेबलावरच्या जाड वहीत त्याचा अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचं, मगच दुसरं पुस्तक मिळायचं. लोक 'छान', 'बरी', 'वेळ गेला' असं लिहून सुटायचे. तात्या ते वाचून कपाळाला हात लावायचे. "हॉटेलात जेवलात तर मीठ कमी का जास्त ते सांगता ना? मग इथं काय धाड भरते?" मला म्हणाले, "तू तरी नीट लिही. भीड ठेवायची नाही." सोळा वर्षांच्या मुलीला असं सांगायचं नसतं. मी सुटलेच. 'काचेचा डोळा' या पुस्तकाखाली मी लिहिलं: पाहुण्याला विष बासुंदीतून दिलं, तर त्याच पातेल्यातली बासुंदी खाल्लेले बाकीचे अकरा जण का जिवंत राहिले? 'टांगेवाल्याची साक्ष' खाली: टांगेवाल्याची साक्ष पुस्तकात कुठंच नाही. एका अनुवादित पुस्तकाखाली: सगळी पात्रं सतत खांदे उडवतात, त्यांना काही दुखणं असावं. तात्या खूश होते. काही वाचक नुसती वही वाचायला येऊ लागले, असं ते म्हणायचे.

वज्रनाभची त्या महिन्यात मी सहा वाचली. मला ती आवडायची, हे आधी कबूल करते. त्यातला इन्स्पेक्टर पोतनीस पाइप ओढायचा, औट्रम घाटात गाडी न थांबवता गोळी झाडायचा, आणि पानचक्कीच्या हौदाशी उभं राहून कोडी सोडवायचा, हे मला फार भारी वाटायचं. आमचं गाव पुस्तकात असतं, याचंच अप्रूप होतं. पण माझ्या तीन तक्रारी होत्या आणि त्या मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांखाली लिहिल्या. एक, शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत कशाला जमवता? खुनी माणूस बोलावल्यावर येईल का? दोन, खुनी नेहमी ढसाढसा रडून कबुली देतो. आमच्या गल्लीत साधी बादली चोरणारी बाईसुद्धा इतक्या लवकर कबूल झाली नव्हती. तीन, वज्रनाभच्या पुस्तकांत बायका फक्त किंचाळतात आणि बेशुद्ध पडतात. बायकांना तोंड असतं आणि त्या ते वापरतात, हे लेखकानं आपल्या घरात बघावं.

महिन्याच्या अखेरीला वज्रनाभचं नवं पुस्तक आलं, 'मेलेल्याचा पत्ता'. मेलेल्या एका व्यापाऱ्याच्या नावानं गावात छापील पत्रं येऊ लागतात, अशी कथा. पहिली शंभर-एक पानं नेहमीसारखी, पाइप, घाट, दोन किंकाळ्या. आणि शेवटची सोळा पानं वाचताना मी काठी खाली ठेवली आणि कावळ्यांनी त्या दिवशी दहा-बारा कुरडया नेल्या तरी हलले नाही. त्यात इन्स्पेक्टर पोतनीस कुणालाच जमवत नाही. तो व्यापाऱ्याच्या चुलतभावाकडं नुसता चहाला जातो. चुलतभाऊ कप पुढं करतो तेव्हा त्याच्या नखांच्या कडेला काळी रेघ दिसते. मोरीतून रॉकेलचा वास येत असतो. दोघं पावसाबद्दल, जनावरांच्या बाजाराबद्दल बोलत राहतात. पोतनीस बशीतून सावकाश चहा पितो. खुनी रडत नाही, कबूल होत नाही. त्याची बायको दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, "चहा झाला असंल तर आता न्या यांना." पोतनीस कप खाली ठेवतो. त्यानंतर दोन ओळी, उगवत्या सूर्याच्या आणि न्यायाच्या, आणि समाप्त. मी ती पानं तिथंच पुन्हा वाचली. मग वाचनालयात जाऊन वहीत लिहिलं: शेवटची सोळा पानं या लेखकाची नाहीत. ज्यानं ती लिहिली त्यानं पुढची सगळी पुस्तकं लिहावीत. विमल.

शनिवारी सकाळी मी पुस्तक बदलायला गेले तर तात्यांच्या टेबलाशी पँटीला सायकलच्या क्लिपा लावलेले एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. तात्या उत्साहानं त्यांच्यापुढं वही सरकवत होते. "वाचा देवळाणकर, तुमच्या शेवटाचं इतकं कौतुक कुणी केलं नसेल!" तात्यांना वाटलं, मी गमतीनं तसं लिहिलंय. देवळाणकरांनी वाचलं. मग कपाटातून 'मेलेल्याचा पत्ता' मागून घेतलं आणि उभ्याउभ्या शेवटची पानं वाचायला सुरुवात केली. मी तिथंच थांबले, कारण खरा वज्रनाभ मी पहिल्यांदा बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हा अभिप्राय कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"हे माझं नाही असं का वाटलं तुला?" त्यांचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आजही ते आठवलं की माझे कान तापतात. मी बोटं मोजत पुरावे सांगायला लागले, अगदी पोतनीससारखी. "एक तर पोतनीस आधी पान उलटलं की पाइप ओढतात, शेवटी एकदाही नाही. दुसरं, बाई बोलते. आणि तिसरं म्हणजे ती नखांची रेघ. छापायची शाई रॉकेलनं जाते पण नखाच्या कडेची जात नाही, हे घरबसल्या नाही सुचत. ज्यानं लिहिलंय त्यानं रोज मोरीत बसून शाईचे हात—"

तिथं माझं तोंड मिटलं. मोरी डोळ्यांपुढं आली, राखेची वाटी आली, रॉकेलचा बोळा आला. वाक्य पुरं करायची गरज नव्हती, देवळाणकरांनी ते पुरं केलेलंच होतं. "तुझं आडनाव काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. तात्यांनी सांगितलं, तेही मोठ्या अभिमानानं: "अहो, तुमच्याच छापखान्यातल्या थोरात मास्तरांची विमल ही!"

ते सायकलवर गेले आणि मी उन्हात मागोमाग धावले, पण सायकलपुढं काय धावणार. मी पोचले तेव्हा छापखान्याचं मशीन बंद होतं. कामाच्या दिवशी त्या बोळात शिरून मशीनचा आवाज आला नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. मालक टेबलाशी उभे, देवळाणकरांच्या हातात उघडं पुस्तक, आणि अण्णा खिळ्यांच्या खणांपुढं, हातातली ओळ अर्धी जुळवलेली. मशीन चालवणारे रज्जाकभाई मध्ये पडत होते. "अरे साब, होता कभी कभी. दूसरे किताब का फर्मा लग गया होंगा, गलती से." हे खोटं आहे हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं, पण अण्णांना निसटायला ती वाट होती. अण्णांनी हातातली ओळ खाली ठेवली.

"नाय रज्जाकभाई," ते म्हणाले. "मीच लिवलं."

"ह्या एकाच पुस्तकात?" देवळाणकरांनी विचारलं.

"नाय साहेब. नऊ पुस्तकांत."

देवळाणकर स्टुलावर बसले. "नऊ," ते म्हणाले. "लोक मला थांबवून सांगायचे, शेवट फक्कड जमला म्हणून. मी आभार मानायचो त्यांचे." मग पुस्तक मिटून, "थोरात, मी चार ओळी म्हणालो होतो."

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले. "चारच म्हनला व्हतात."

तेव्हा मला देवळाणकरांचा भयंकर राग आला होता. आज येत नाही. मी स्वतः तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दुसऱ्याच्या नावाखाली आपला मजकूर घालू नये, मग तो कितीही सरस असो, हे मी मुलांना सांगत आले आणि ते खरंच आहे. चूक अण्णांची होती. मालक तर म्हणालेच, उद्यापासून येऊ नका. देवळाणकरांनीच त्यांना अडवलं. "काढू नका. संसार आहे त्यांना. फक्त माझ्या मजकुराला आता त्यांचा हात लागायला नको." पुढच्या पुस्तकाची पहिली पानं अण्णांनी जुळवून ठेवली होती. ती त्यांनी तिथंच सोडवायला घेतली, एकेक खिळा परत आपापल्या खणात. त्यांनी मला दारात पाहिलं आणि मानेनंच घरी जा म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या वाट्याला लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं आणि सर्कशीच्या जाहिराती आल्या, त्या शेवटपर्यंत.

दुपारी जेवायला ते नेहमीच्या वेळेला आले. आईनं येसराची आमटी केली होती आणि तिला माझं सगळं सांगून झालं होतं. तिनं मला दोन धपाटे घातले आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावून बसली. अण्णा मोरीत हात धुवायला बसले. रॉकेल, राख, साबण. मी उंबऱ्यात उभी राहून हुंदके देत होते.

"रडायलीस कामून?" ते मागं न बघता म्हणाले.

"मला माहीत नव्हतं, अण्णा."

"मला व्हतं की. वहीतलं अक्षर वळखत नाय का मी तुझं? दर आठवड्याला छापखान्याची पुस्तकं घेऊन वाचनालयात मीच जातो. लोकायला शेवट कसा वाटला ते दुसरीकडं कुठं कळणार? वही वाचूनच येतो." ते नखं घासत राहिले. "खोलीत गोळा करू नका म्हनलीस, नाय केले. रडवू नका म्हनलीस, नाय रडवलं. बाईलाबी बोलतं केलं."

माझ्या तिन्ही तक्रारी त्यांनी एकेक करून निस्तरल्या होत्या. माझ्यासाठीच. आणि मी ते ओळखलं ते वाचनालयात, परक्या माणसापुढं, बोटं मोजत. ते हात पुसत पाटावर येऊन बसले, भाकरी मोडली, आणि ताटाकडं बघत विचारलं, "शेवट खरंच बरा झाला व्हता का गं?"

"हो."

"तसं नाय. वहीत लिवतीस तसं सांग."

इथं मी नुसतं 'फार छान' म्हणायला हवं होतं. आयुष्यात एकदा भीड ठेवायची वेळ आली होती आणि मला ते सुचलं नाही. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "त्यानं कप खाली ठेवला तिथंच संपायला पाहिजे होतं. सूर्याच्या आणि न्यायाच्या त्या पुढच्या दोन ओळी जास्तीच्या आहेत."

आईनं मला मारायला पुन्हा हात उचलला. अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी थोडा विचार केला, माझ्यापेक्षा जास्त त्या पानाचा, आणि मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "जास्तीच्याच हायेत. पण काय करणार, फर्मा भरत नव्हता."

त्यानंतर त्यांनी गोष्ट लिहिली नाही. लिहा म्हणून मी पुष्कळदा मागं लागले, वह्या आणून दिल्या, पण हातात खिळा नसेल तर सुचत नाही म्हणायचे. वज्रनाभची पुस्तकं पुढं वर्षभर आली. त्यांतले शेवट पुन्हा एका खोलीत जमू लागले, खुनी पुन्हा रडू लागले. मी ती वाचली आणि वहीत 'बरी' एवढंच लिहिलं. तात्यांनी कारण विचारलं नाही.

सहा वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि पत्रिका अर्थातच अण्णांनी जुळवली. तेव्हाच्या पत्रिकांत अगदी तळाशी घरच्या पोरांच्या नावानं दोन ओळी घालायची पद्धत होती, आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं, असल्या. अण्णांनी गावातल्या शेकडो पत्रिकांना तसल्या ओळी जुळवून दिल्या होत्या. माझ्या पत्रिकेत ती जागा त्यांनी कोरी सोडली. मालक म्हणाले, थोरात, खाली रिकामं दिसतंय, काहीतरी घाला. अण्णा म्हणाले, राहू द्या. लग्नात तिघा-चौघांनी मला विचारलं, पत्रिकेत काही छापायचं राहून गेलं का. मी नाही म्हणाले.